दमेकऱ्याला भरती करायचं, तर उजेडी निघा

आमच्याकडे दम्याच्या माणसाला दवाखान्यात न्यायचा निर्णय बहुतेक घरांत रात्री एक-दोन वाजता होतो. त्रास मात्र दुपारपासून, कित्येकदा दोन दिवसांपासून सुरू असतो. "काई नाई, वातावरणाचं हाये," असं म्हातारा म्हणतो. घरचेही मानतात, कारण कापसाची वेचणी सुरू असते आणि मजूर सांगून ठेवलेले असतात. मग अंधार पडतो, गारवा वाढतो, आडवं होता येत नाही. गाडी मिळत नाही, मोठे डॉक्टर नसतात, एक्स-रेवाला घरी गेलेला असतो, नेमका त्या वेळी पेशंट कॅज्युअल्टीच्या दारात येतो.

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. नोकरीचा बराच काळ ग्रामीण रुग्णालयाच्या पुरुष वार्डात आणि कॅज्युअल्टीत गेला. आता पांढरकवड्याजवळ गावातच राहते. लोक अजून 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात आणि श्वासाचा पेशंट असला की आधी माझ्या ओट्यावर आणतात. त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथे लिहिते. माझा हट्ट एकच आहे: भरतीचा निर्णय दुपारी चारच्या आत घ्या. बाकीचं सगळं त्या निर्णयाच्या तयारीचं आहे.

दमा कोणता

गावात श्वास लागणारा प्रत्येक जण दमेकरी. डॉक्टर त्यात फरक करतात. लहानपणापासून येतो-जातो तो अस्थमा. चाळिशीनंतर हळूहळू चढत जातो, खोकला-बेडका कायमचा लावून देतो, आणि मधल्या काळातही पूर्ण सुटत नाही तो बहुधा सीओपीडी. नक्की काय ते फुंकायच्या तपासणीवरून, म्हणजे स्पायरोमेट्रीवरून कळतं. ती बरं असताना करून घ्यायची. तालुक्याला होत नसेल तर यवतमाळच्या वसंतराव नाईक मेडिकलला, सेवाग्रामला किंवा सावंगीला होते.

बिडी हे एक कारण झालं. पण वार्डात आलेल्या कितीतरी बायांनी जन्मात बिडी ओढलेली नव्हती. त्यांच्या छातीत गेला तो पऱ्हाट्या-तुराट्यांचा धूर. २०१६ नंतर उज्ज्वलाचं सिलिंडर घरोघरी आलं खरं, पण बऱ्याच घरी ते पाहुण्यांच्या चहापुरतं. आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. शिवाय टीबी बरा झाला तरी फुप्फुसात वण ठेवून जातो. वणीकडे कोळशाची धूळ, जिनिंगमध्ये कापसाची. आणि एक गोष्ट शहरातल्या डॉक्टरांना सुचत नाही, म्हणून ती आपण सांगायची: भाव वाढेल या आशेने दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस घरातच भरलेला असतो आणि म्हाताऱ्याची खाट त्याच खोलीत असते. आज दुसरं काही जमलं नाही तरी ती खाट बाहेरच्या खोलीत काढा.

या आजारात हवा आत जात नाही असं आपल्याला वाटतं. खरी अडचण ती बाहेर पडायची असते. बसस्टँडवर एसटीतून उतरणारे दारात अडकले की चढणाऱ्यांना आत जाताच येत नाही, तसं जुनी हवा आत कोंडून राहते आणि नवीन हवेला जागाच उरत नाही. म्हणून असा माणूस ओठांचा चंबू करून लांब श्वास सोडतो. त्याला "जोरात श्वास घ्या" असं ओरडू नका. "हळू सोडा, काकाजी, हळू सोडा" म्हणा.

दुपारी काय पाहायचं

तीन गोष्टी. नेहमीपेक्षा दम जास्त लागतो का, बेडका वाढला का, आणि बेडक्याचा रंग पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला का. यातल्या दोन बदलल्या असतील तर आज डॉक्टर दाखवायचा, उद्या नाही. याचा अर्थ लगेच भरती असा नव्हे. या टप्प्यावर पंप, पाच दिवसांची स्टिरॉइडची गोळी आणि लागलं तर अँटिबायोटिक एवढ्यावर कित्येक जण घरीच सुधारतात. गोळी पाचच दिवस का, असं मेडिकलवाल्याला विचारून पंधरा दिवसांची घेणारे लोक आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २०१३ साली तपासून झालंय, पाच दिवसांची गोळी चौदा दिवसांइतकाच गुण देते. जास्त दिवस घेऊन साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात, बाकी काही नाही.

भरती लागणार हे ओळखायचं कसं? माणसाला बोलायला लावा. "आज काय खाल्लं?" विचारा. पूर्ण वाक्य एका दमात आलं तर ठीक. "भाकर... अन्... वरण..." असं तुटत आलं तर पिशवी भरायला घ्या. मग श्वास मोजा: पोटावर नजर ठेवून, मोबाइलमधलं घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. बसल्या जागी चोवीसच्या वर गेलं तर दवाखाना. तिसाच्या वर तर तोही धावत. मानेच्या शिरा-स्नायू ताणले जातायत, गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकून बसलाय, ओठ-नखं निळसर, पाय सुजलेले, ताप, नाहीतर पंप मारूनही अर्ध्या तासात फरक नाही, यांतलं काहीही दिसलं तरी तेच.

एक खूण मात्र सगळ्यांत फसवी आहे. रात्रभर खोकणारा, बसून काढणारा माणूस सकाळी अचानक शांत होतो आणि पेंगायला लागतो. सून म्हणते, "आता कुठं डोळा लागला मामाजींचा, झोपू द्या." तिला बिचारीला दोष नाही, तिलाही रात्रभर झोप नसते. पण हाक मारल्यावर नीट उत्तर येत नसेल, असंबद्ध बोलत असेल, कपाळ दुखतं म्हणत असेल, तर ती झोप नव्हे. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून आलेली गुंगी आहे. तिथून पुढे वेळ फार थोडा असतो.

कोविडच्या वेळी घेतलेलं, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन बऱ्याच घरांत पडून आहे. त्याचे सेल बदला. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट घ्या, आणि आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्या. पण त्याआधी एक काम: पेशंट बरा असताना त्याचा आकडा किती असतो तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. सीओपीडीच्या माणसाचा चांगल्या दिवसाचाच आकडा ९१ असू शकतो. त्याला ९० दाखवलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि ज्याचा नेहमी ९६ असतो त्याला ९० दाखवलं तर "नव्वद तर आहे" म्हणून बसून राहायचं नाही. बसल्या जागी ८८ च्या खाली गेलं, आणि ते त्याचं नेहमीचं नसेल, तर निघायचं.

घरी असताना निळा पंप, म्हणजे दम लागल्यावर लगेच आराम देणारा, स्पेसर लावूनच द्या. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं असेल तसं. सर्वसाधारणपणे एकेक दाब, प्रत्येक दाबानंतर चार-पाच श्वास, असे चार दाब, आणि गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची प्लास्टिकची बाटली चालते. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक तापलेल्या तारेने पाडायचं, पंप त्यात घट्ट बसवायचा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायचा. हा जुगाड माझा नाही. केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दम्याच्या मुलांवर तपासून पाहिलं, अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच काम करते. बाटली आधीच करून ठेवा, त्या घाईत तार तापवत बसू नका.

झोपेची गोळी देऊ नका. खोकला दाबणारं गुंगीचं औषध देऊ नका. गावात 'दम्याचं इंजेक्शन' घेऊन रात्र काढणं हाही आपल्याकडचा रिवाज आहे. त्याने दोन तास बरं वाटतं आणि तेवढेच दोन तास उजेडाचे जातात.

पिशवी

दाराच्या खुंटीला एक कापडी पिशवी कायमची टांगलेली हवी. तिच्यात जुनी सुट्टीची कार्डं, एक्स-रे, शेवटचा ईसीजी. सध्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, कारण "पांढरी लहान गोळी" यावरून डॉक्टरला काही कळत नाही. सगळे पंप आणि ती बाटली. बीपी-साखरेच्या गोळ्या. चष्मा, कवळी, लुगडं किंवा धोतर, शाल, स्टीलचा ग्लास, थर्मास, मोबाइलचं चार्जर. सोबत राहणाऱ्यासाठी सतरंजी. मोठ्या दवाखान्यात नातेवाईक व्हरांड्यातच झोपतात.

कागदांचं नीट पाहा, कारण अडतं ते इथे. आधार कार्ड, रेशनकार्ड आणि त्यांच्या झेरॉक्स. म्हाताऱ्याचं नाव रेशनकार्डावर आहे ना? मुलगा वेगळा निघाल्यावर कित्येकदा बापाचं नाव एका कार्डावरून कटतं आणि दुसऱ्यावर चढतच नाही. आधारवर 'रामाजी' आणि रेशनवर 'रामराव' असेल तर ते आजच तहसीलला जाऊन नीट करा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. यवतमाळसह शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही ही योजना आधीपासून होती, त्यामुळे "आमचं पांढरं आहे" म्हणून कोणी मागे फिरू नये. सत्तरीच्या वरच्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न पाहता आयुष्मानचं वेगळं वय वंदना कार्ड मिळतं, तेही काढून ठेवा. योजनेतल्या दवाखान्यात गेल्यावर पहिल्या दिवशीच आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला भेटायचं, घरी सोडतील त्या दिवशी नाही. कोणता उपचार योजनेत बसतो आणि कोणता नाही ते तोच सांगतो. फोनवर विचारायचं तर १५५३८८.

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा सामान्य रुग्णालय इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजचे दवाखाने दुसऱ्या खात्यात येतात, तिथे केसपेपरचे आणि काही तपासण्यांचे पैसे लागतात. हजार-दोन हजार रोख सोबत असू द्या. सहकारी संस्थेतून काढायला रविवार नेमका आडवा येतो.

१०८ ला काय सांगायचं

फोन पुण्यात उचलला जातो. तिथल्या पोरीला आपलं वडगाव माहीत नसतं, आणि वडगावं तर प्रत्येक तालुक्यात आहेत. म्हणून क्रमाने सांगा: जिल्हा, तालुका, गाव, जवळचा फाटा, ओळखीची खूण. मग पेशंटचं वय आणि "श्वास लागतोय, पूर्ण वाक्य बोलता येत नाही, ऑक्सिजन लागेल." 'तब्येत खराब आहे' एवढंच सांगितलं तर काय पाठवायचं ते त्यांना ठरवता येत नाही. फोन ठेवल्यावर त्याच नंबरवर दुसऱ्या कोणाशी बोलत बसू नका, ड्रायव्हरचा फोन येणार असतो. १०२ ची गाडी बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसाठी असते, तिच्यामागे वेळ घालवू नका.

पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) किंवा तांड्यावर गाडी चढत नसेल तर पेशंटला फाट्यापर्यंत आणायची सोय आधी ठरलेली हवी: कोणाचा ऑटो, कोणाचा ट्रॅक्टर, कोणाची बैलगाडी. आडवं निजवून आणू नका. पाठीशी दोन पोती आणि गादी लावून, बसता ठेवून आणा. दुचाकीवर मध्ये बसवून आणणारे मी पाहिलेत. पेशंट शुद्धीत आणि मागचा माणूस दणकट असेल तर तेही चालवून घेते मी, दोन तास वाट पाहण्यापेक्षा. पेंगत असेल तर मात्र नाही.

निघताना तोंडातला खर्रा थुंकायला लावा आणि चूळ भरायला लावा. हसू नका. तोंडात सुपारी-तंबाखूचा लगदा ठेवून मास्क लावला की तो श्वासनलिकेत जायची भीती असते. कॅज्युअल्टीत बोट घालून खर्रा काढायचं काम सिस्टरच्या वाट्याला येतं.

ऑक्सिजन मोजून

यावर मी सगळ्यांत जास्त बोलते, कारण इथे नातेवाईकांचं प्रेमच पेशंटच्या जिवावर उठतं.

आपल्या डोक्यात कोविडने ९४-९५ चा आकडा बसवलाय. सीओपीडीच्या पेशंटला दवाखान्यात ठेवायचं असतं ८८ ते ९२ च्या मध्ये. हा दवाखान्याचा कंजूषपणा नाही. ज्यांच्या अंगात वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइड साठून राहतो, त्यांना भरमसाट ऑक्सिजन दिला तर तो साठा आणखी वाढतो, पेशंट गुंगतो आणि श्वास मंदावतो. मशीनवर आकडा ९९, आणि माणूस मात्र हाकेला ओ देईना, असं होतं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या चारशेच्या वर पेशंटवर याचा अभ्यास झाला, २०१० मध्ये तो छापून आला. मोकळा ऑक्सिजन दिलेल्यांत शंभरामागे ९ दगावले, मोजून दिलेल्यांत ४. बाकी औषधं तीच.

वार्डात रोजचं संभाषण ठरलेलं असायचं. "सिस्टर, मशीन नव्वदच दाखवते, वाढवा ना जी थोडा." मी म्हणायची, "नव्वदच पाहिजे भाऊ, त्यासाठीच बसले मी." मी पाठ फिरवली की कोणीतरी हळूच ऑक्सिजन कमी-जास्त करायची चक्की फिरवायचं. ती चक्की फिरवू नका. उलट रुग्णवाहिकेत बसताना आपणच सांगा: "याला सीओपीडी आहे, अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव ठेवायला सांगितलंय." ज्याला आधी एकदा कार्बन डायऑक्साइडचा त्रास झालाय त्याच्या पिशवीवरच जाड पेनाने हे लिहून ठेवा, आणि आतल्या कार्डावर डॉक्टरांची सही घ्या. अर्थात, आकडा सत्तरवर आलाय आणि पेशंट निळा पडलाय अशा वेळी ऑक्सिजन अडवून धरायचा नाही. तेव्हा लागेल तितका देतात आणि मग मोजून खाली आणतात.

वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, जमेल तिथे ऑक्सिजनवर न चालवता हवेच्या कॉम्प्रेसरवर चालवतात, तेही याच कारणाने.

वार्डात

सलाईन लावा म्हणून मागे लागू नका. श्वासाच्या पेशंटला सलाईन हा उपचार नव्हे. हृदयावर ताण आलेला असेल, पाय सुजलेले असतील तर जास्तीच्या पाण्याने दम वाढतोच. इथली खरी औषधं म्हणजे वाफ, स्टिरॉइड, बेडका पिवळा असेल तर अँटिबायोटिक, मोजका ऑक्सिजन. खर्च कमी दिसतो म्हणून उपचार कमी होतोय असं समजू नका. टीबीसाठी बेडक्याची तपासणी मात्र मागून घ्या, पूर्वी टीबी झालेला असेल तर नक्कीच.

मनगटाच्या धमनीतून रक्त घेतात ती एबीजी तपासणी. ती दुखते, पेशंट ओरडतो. पण कार्बन डायऑक्साइड किती साठलाय आणि रक्त किती आंबट झालंय हे त्यातूनच कळतं, आणि बायपॅप लावायचं की नाही ते त्यावर ठरतं. बायपॅप म्हणजे तोंडा-नाकावर घट्ट बसणारा मास्क आणि हवा ढकलणारं मशीन. घशात नळी घालायची वेळ त्याने पुष्कळांची टळते. पहिला तास मात्र वाईट असतो. पेशंट मास्क ओढतो, "मले मारून टाकता का" म्हणतो, आणि घरातली बाई रडत मास्क काढून टाकते. त्या तासात घरातलं सगळ्यांत शांत माणूस उशाशी बसवा. हात धरून ठेवा, मशीनच्या तालावर श्वास सोडायला सांगत राहा. मास्क असताना पाणी-चहा पाजू नका; सिस्टर मास्क काढेल तेव्हा दोन घोट.

सोबतीला पाळ्या लावा. एकच मुलगा चार दिवस जागला की पाचव्या दिवशी तो डॉक्टरांशी भांडतो, किंवा फवारणी आहे म्हणून पेशंटला उचलून घरी आणतो.

पुढे न्या म्हटलं की

रेफरचं नाव काढलं की लोक चिडतात, "इथं काईच करत नाई." पण ज्या ठिकाणी एबीजी नाही, बायपॅप नाही, तिथे गुंगीतला पेशंट ठेवून घेणं हाच अन्याय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा, मग नागपूरचं मेडिकल, ही प्रत्येक पायरी चढलीच पाहिजे असा नियम नाही. पेशंट बोलतोय, आकडा ऑक्सिजनवर सावरतोय, तर जवळचं ग्रामीण रुग्णालय उत्तम. पेंगतोय, तर जवळच्या ठिकाणी ऑक्सिजन आणि वाफ सुरू करून घ्यायची आणि थेट बायपॅप असेल तिथे. आम्हाला यवतमाळ साठ-सत्तर किलोमीटर, नागपूर दीडशेच्या घरात. यवतमाळ जवळ म्हणून यवतमाळच, असंही नाही. तिथे खाट आहे का हे निघण्याआधी इथल्या डॉक्टरांना फोनवर विचारायला लावा. आणि रेफरच्या कागदावर काय दिलं, किती वाजता दिलं, किती लिटरवर आकडा किती होता, हे लिहून घ्या.

गाडीतला सिलिंडर पाहा. लहान, बी टाइपचं सिलिंडर पूर्ण भरलेलं असेल तर सुमारे १५०० लिटर. मिनिटाला दोन लिटरने बारा तास जातं, दहा लिटरने अडीच तासच. काटा अर्ध्यावर असेल तर हिशेबही अर्धा. हे गणित ड्रायव्हरसमोर मोठ्याने करा, त्याला राग येत नाही.

सगळंच बंद पडलं तर

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि चारच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला की बहुतेक दवाखान्यांतला ऑक्सिजन दिवसभरात संपू शकतो. प्लांटपासून दवाखान्यापर्यंत ट्रकच जाऊ शकत नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये श्रीलंकेत पेराडेनियाच्या सरकारी दवाखान्याने औषधं नाहीत म्हणून ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. डिझेल-पेट्रोलच्या रांगा वेगळ्याच. अशा वेळी जखमी माणसाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, दमेकरी कोपऱ्यात बसून धापा टाकतो. आपल्याकडे युद्ध नाही. पण एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी वणवण आपण केली, आणि जुलै २०२२ च्या वर्धा नदीच्या पुरात वणी-मारेगावकडची गावं तुटली. ट्रक, वीज, रस्ता यांतलं एक गेलं तरी आपला दमेकरी अडकतोच.

म्हणून पावसाळ्याआधी पंप-गोळ्यांचा महिनाभराचा जास्तीचा साठा घरात हवा. नाल्यापलीकडचं गाव असेल तर मृगाच्या सुमारास ज्याची तब्येत खालावलेली दिसते त्याला तालुक्याच्या गावी, लेकीकडे किंवा भावाकडे हलवा. पूर आल्यावर डोंगा शोधू नका. घरी ऑक्सिजनचं कॉन्सन्ट्रेटर असेल तर ते विजेवर चालतं, पाच लिटरच्या मशीनला तीनशे-चारशे वॅट लागतात. साध्या इन्व्हर्टरवर ते किती वेळ चालतं हे दिवसा लाइट असताना, मेन स्विच बंद करून एकदा पाहून ठेवा. शेजारी एक भरलेलं लहान सिलिंडर आणि त्याची चावी. चावी महत्त्वाची. सिलिंडर असतं, पाना शेतात असतो.

सुट्टी घेताना

घाईने निघू नका. पंप कसा घेतो ते सिस्टरला करून दाखवायला लावा. वर्षानुवर्षं चुकीचा घेणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना वाटतं औषधच लागू पडत नाही. कोणता पंप रोजचा, कोणता अडीअडचणीचा, हे रंगासकट कागदावर लिहून घ्या. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस याबद्दल विचारा. बिडी सुटलेली असते ती याच आठवड्यात, दवाखान्यात ओढता आली नाही म्हणून. घरी गेल्यावर ओट्यावर बसणाऱ्या मित्रांना मुलाने आधीच हात जोडून सांगावं.

घरच्या ऑक्सिजनसाठी उसनेपासने करून मशीन लगेच विकत घेऊ नका. भरतीच्या वेळचा आकडा फसवा असतो. दोन-तीन महिन्यांनी तब्येत स्थिर झाल्यावर, बसल्या जागी ८८ किंवा त्याखालीच राहत असेल तर डॉक्टर तो सांगतात, आणि मग दिवसातून किमान पंधरा तास लावावा लागतो, दम लागला की दहा मिनिटं असं नाही. नळी नाकाला असताना चूल, बिडी, देवापुढचा दिवा सगळं दूर.

पुढची तारीख एक ते चार आठवड्यांच्या आतली घ्या आणि ती तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी मागून घ्या. त्या दिवशी गावातून गाड्या निघतात, म्हाताऱ्याला पुढच्या सीटवर जागा मिळते, आणि परतताना त्याच फेरीत पंपही आणून होतो.